टिपणीसांच्या घरची मेमरी

अंबरीश टिपणीस पेणला रामवाडीत घरी बसून नेमकं काय काम करतो, हे त्याच्या वडिलांना कोणी विचारलं की माधवराव विषय बदलायचे. तसं अंबरीशने त्यांना एकदा चहा पिता पिता नीट समजावलं होतं. कॉम्प्युटरच्या आत कर्नेल नावाचा एक कारभारी असतो. जो तो प्रोग्रॅम त्याच्याकडे मेमरी मागतो आणि तो वाटत बसतो. कधीतरी त्याला देता येत नाही, तो नकार देतो. तो नकार कोणाला मिळाला, त्याने किती मागितलं होतं आणि का नाही मिळालं, हे जागच्या जागी पकडणारा पहारेकरी अंबरीश तयार करत होता. नकार पकडला की मशीनमधून घंटा वाजायची. माधवरावांनी हे सगळं मन लावून ऐकलं आणि त्यातलं एकच लक्षात ठेवलं. पोराच्या मशीनला मेमरी कमी पडते.

आता टिपणीसांच्या घरात काही कमी पडणं म्हणजे केवढी नामुष्की, हे तुम्हाला सांगायला हवं. माधवराव रोह्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पण पाहुणा जेवायला आला की त्यांचं गणित पार बिघडायचं. भात नुसता पुरून चालत नसे, तो उरलाही पाहिजे आणि उरलेला पाहुण्याला दिसलाही पाहिजे. अशा माणसाच्या कानावर महिनाभर बंद दाराआडून "परत फेल झालं", "आज तर तीनदा फेल झालं" असं पडत होतं. अंबरीश ते आनंदाने सांगत असे, कारण मशीन फेल झालं तरच त्याच्या पहारेकऱ्याची परीक्षा व्हायची. माधवरावांना मात्र वाटलं, पोरगं मनाचं मोठं आहे, दुःख दाखवत नाही.

त्यातच कंपनीने सगळ्यांना बंगळूरला परत बोलावलं. अंबरीशच्या वरिष्ठ हेमांगी मॅडम मूळच्या साताऱ्याच्या, बोलायला गोड आणि निर्णयाला कडक. त्यांनी सांगितलं की बुधवारी पहारेकरी प्रत्यक्ष चालवून दाखव. चालला तर खुशाल पेणहून काम कर, नाहीतर एक तारखेला बंगळूरला हजर हो. अट एकच, खोटी अडचण घडवून आणायची नाही. रोजची साधी कामं करायची, मशीन मध्ये बंद करायचं नाही, आणि खरा नकार पकडायचा.

अंबरीशला त्याची काळजी नव्हती. त्याने मुद्दाम जुनं, तुटपुंज्या मेमरीचं मशीन ठेवलं होतं. दोन व्हिडिओ लावले की बिचारं धापा टाकायचं. काळजी होती ती जावं लागलं तर काय याची. बायको वृंदा पेणच्या शाळेत नुकतीच कायम झाली होती. आणि बाबा तर पेण सोडून कुठे जायचे नाहीत, हे नवराबायकोने धरूनच ठेवलं होतं.

मंगळवारी जवळच्या जिते गावात वृंदाच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. दोघं सकाळीच गेली. दार लागलं तसे माधवराव उठले. त्यांनी मशीनचा डबा चादरीत गुंडाळला, तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन रिक्षाने स्टेशन गाठलं आणि रोह्याची गाडी पकडली. रोह्याला निलेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. निलेश त्यांचा जुना विद्यार्थी, गणितात कायम काठावर पास झालेला. सर स्वतः दुकानात आलेले बघून त्याला अजूनही घाम फुटायचा.

"काही कमी ठेवू नकोस," एवढंच माधवराव म्हणाले.

निलेशने ठेवलं नाही. जितकी मेमरी त्या मशीनला खपेल तितकी सगळी त्याने घातली. संध्याकाळी साखरपुड्याची मंडळी पेढे घेऊन परतली तेव्हा डबा जागच्या जागी होता आणि माधवराव निरागस चेहऱ्याने वाल सोलत होते.

बुधवारी वृंदाने धास्तीपोटी रजाच टाकली. अंबरीशने शेजारच्या लॅपटॉपवर हेमांगी मॅडमना व्हिडिओ कॉल लावला, मशीनवर पहारेकरी सुरू केला आणि कामाला लागला. नकाशा उघडला. क्रिकेटची मॅच लावली. आणखी दोन व्हिडिओ लावले. एव्हाना मशीनने मान टाकायला हवी होती. ते लोण्यातून सुरी जावी तसं चाललं होतं.

"मशीन छान चाललंय तुमचं," हेमांगी मॅडम म्हणाल्या.

अंबरीशने मेमरीचा आकडा पाहिला, डोळे चोळले, पुन्हा पाहिला. मग मागे वळून बघतो तर दारात माधवराव उभे, वाढपी पंगतीकडे बघतो तसे.

"पुरतेय ना?" त्यांनी विचारलं.

अंबरीशने आधी कॉलचा आवाज बंद केला. मग रोह्याची सगळी हकिकत बाहेर आली. बिचाऱ्याला रागावावं की हसावं कळेना.

"बाबा, ते फेल व्हायला हवं होतं. तेच दाखवायचं होतं मला."

माधवरावांचा चेहरा असा उतरला की वृंदाला भरून आलं. "तू जाऊ नयेस म्हणून केलं रे मी," ते म्हणाले. मशीन फेल झालं की तुला बंगळूरला नेतील, असंच त्यांनी धरलं होतं.

मशीन बंद करून मेमरी काढायची सोय नव्हती, तशी अटच होती. अंबरीशने आवाज सुरू करून मेमरी वाढल्याचं कबूल केलं, तेव्हा हेमांगी मॅडमनी सांगितलं की जेवायच्या सुट्टीपर्यंत मी आहे, रोजची कामं करत राहा. मग काय, टिपणीसांचं अख्खं घर रोजची कामं करायला बसलं. वृंदाने सहावीच्या विज्ञानाचे व्हिडिओ लावले, पोह्याच्या पापडांच्या कृती लावल्या. माधवरावांनी प्रायश्चित्त म्हणून बातम्यांचे सगळे चॅनेल एकदम सुरू केले. त्या कालव्यात मॅडमचा आवाज ऐकू येईना म्हणून वृंदाने ते बंद केले. माधवरावांनी पुन्हा उघडले. तिने पुन्हा बंद केले. कर्नेल आपला कर्णासारखा मागेल त्याला मेमरी देत सुटला होता.

इतक्यात मागच्या दाराने बायजाबाई आली. ही खाडीकाठची, दर बुधवारी टिपणीसांकडे जिताडा घेऊन यायची. घरात एवढी धावपळ आणि मासळीकडे कोणी ढुंकून बघत नाही, हे तिला नवीन होतं. काय झालं ते वृंदाने तिला थोडक्यात सांगितलं. मशीन दमवायचंय, एवढं तिला पुरलं. ती पाटी ठेवून आत आली आणि रीतसर स्टुलावर बसली. तिने आधी एक कीर्तन लावायला सांगितलं, ते पसंत पडेना म्हणून बंद करायला सांगितलं, मग दुसरं लावायला सांगितलं. असं बराच वेळ चाललं. माधवरावांना ते बघवेना. मशीन हसतमुखाने सगळं सोसत होतं आणि घड्याळ पुढे सरकत होतं. ते मुकाट्याने उठून आतल्या खोलीत गेले.

"ह्यानी काय व्हतंय," बायजाबाई कमरेचा मोबाईल काढत म्हणाली. "माज्या नातीची हलद हाय ह्याच्यात. पुरी रात नाचलोत आम्ही. ही लाव गो वृंदा, मंग बगू कसा दमत नाय त्यो."

वृंदाने तिचा मोबाईल वायरने मशीनला जोडला. आणि घंटा वाजली.

पडद्यावर पहारेकऱ्याने लिहिलं होतं की मोबाईलशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमने मेमरी मागितली, कर्नेलने दिली नाही. शेजारीच शिल्लक मेमरीचा आकडा होता आणि तो चांगला भरघोस होता.

हेमांगी मॅडमनी चष्मा चढवला. "अंबरीश, निम्मी मेमरी मोकळी आहे. मग नकार कसा? तुमचा पहारेकरी खोटं बोलतोय."

झालं. तोंडाशी आलेला घास खाली पडावा तसं अंबरीशला झालं. त्याने पहारेकऱ्याचं म्हणणं पुन्हा ओळीओळीने वाचलं. वाचता वाचता त्याची मान हळूहळू वर आली.

"मॅडम, तो खरं बोलतोय," तो म्हणाला. "मेमरी आहे, पण सलग नाही. सकाळपासून आम्ही उघडतोय, बंद करतोय, पुन्हा उघडतोय. मधे मधे फटी राहिल्यात. हॉलमध्ये चार माणसं चार कोपऱ्यांत पांगून बसली, की जागा भरपूर दिसते पण सतरंजी पसरता येत नाही. या मोबाईलला सतरंजी पसरायची होती."

मग हेमांगी मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकांची हीच तक्रार आहे, त्या म्हणाल्या. मेमरी भरपूर असून कामं अडतात आणि ती का अडतात हे कोणालाच सापडत नाही, कारण आपण सगळे चाचण्या घेतो त्या मरतुकड्या मशीनवर.

"मेमरी वाढवून बघायची कल्पना कोणाची?"

"बाबांची," अंबरीश म्हणाला. खोटं त्यात काहीच नव्हतं.

"तुम्ही पेणलाच राहा," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या चाचण्याही तिथेच करा, याच माणसांना घेऊन. अशी वापरणारी माणसं मला इथे पगार देऊनही मिळणार नाहीत."

कॉल बंद झाला. वृंदाने बायजाबाईला मिठी मारली. बायजाबाईला कळलं एवढंच, की आपल्या नातीच्या हळदीने मशीन हरवलं, आणि तिला त्याचं नवल वाटलं नाही.

अंबरीश धावतच आतल्या खोलीत गेला. पलंगावर त्याची मोठी बॅग भरून तयार होती. कपडे, पापड, मिरगुंडं, लोणच्याची बरणी, टॉवेलात गुंडाळलेली चटणी, काही म्हणता काही कमी नव्हतं. माधवराव तिची चेन ओढत होते. आणि बॅगेशेजारी दुसरी बॅग होती, तीही भरलेली.

"ही कोणाची?" वृंदाने मागून विचारलं.

"माझी," माधवराव म्हणाले. "पोराला एकट्याला पाठवू की काय? तुझी शाळा आहे, तू सुट्टीत ये. मी जातो याच्याबरोबर."

अंबरीश मटकन पलंगावर बसला. "बाबा, तुम्ही बंगळूरला आला असता?"

"का? मला काय इथे खांबाला बांधलंय? शाळा आणि घर करण्यात जन्म गेला, रोह्याच्या पुढे कधी मुक्काम केला नाही मी. पण विचारलं कोणी मला?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. विचारलं नव्हतं खरं. मग अंबरीशने त्यांना सांगितलं की मशीन फेल झालं, पहारेकरी पास झाला, आता कुठेही जायचं नाही, आपण सगळे इथेच राहायचं.

माधवरावांचा चेहरा आनंदाने फुलला. त्यांनी पोराच्या पाठीवरून हात फिरवला, "उत्तम झालं, उत्तम झालं," असं दोनदा म्हणाले. मग त्यांची नजर आपल्या बॅगेवर गेली.

"राहायचं ते राहूच रे," ते बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाले, "पण आता भरलीच आहे, तर आठ दिवस तरी जाऊन येऊ."