कमी दाबाचा समुद्र

पंप फक्त बोटभर वळवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण नंतरचं ऐकून लोकांना वाटतं की मी हॉलमध्ये धरण फोडायलाच बसलो होतो.

आमच्या हॉलमध्ये समुद्र आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, काचेचा. त्यात खारं पाणी, तळाला पांढरी वाळू, चार मासे आणि जिवंत प्रवाळं. समुद्र बायकोचा. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मी त्याच घरात राहतो, एवढाच माझा समुद्राशी संबंध. प्रवाळ हा प्राणी असतो हे मला फार उशिरा कळलं (तोवर मी ती प्लास्टिकची समजत होतो आणि ‘रंग अजून उडाला नाही हं’ असं कौतुकही करायचो).

हा प्राणी जागचा हलत नाही. खाणं त्याच्यापर्यंत आपणहून यावं लागतं आणि घाण कोणाला तरी परस्पर न्यावी लागते. (रविवारी मीही असाच असतो, पण मला कोणी काचेत ठेवून पाहुण्यांना दाखवत नाही.) खऱ्या समुद्रात हे काम लाटा करतात, आमच्याकडे दोन पंप. एक डाव्या काचेला, एक उजव्या. पाणी खेळतं ठेवणं हे त्यांचं काम.

शनिवारी बायको प्रॅक्टिकलची परीक्षक म्हणून पाच दिवसांसाठी बाहेरगावी निघाली. जाताना काचेवर एक कागद चिकटवला. ‘खाणं चिमूटभर. पाणी उडून कमी झालं तर बाटलीतलं साधं पाणी घालणे. पंपांना हात लावायचा नाही.’ शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

“अहो,” ती दारातून म्हणाली. (ती मला अहो म्हणते. त्यातला आदर कधीच उडून गेलाय, मागे नुसतं मीठ राहिलंय.) “बाकी काय वाटेल ते होऊ दे. हातोडी तेवढी सांभाळा.”

हातोडी म्हणजे तिचं सगळ्यात लाडकं प्रवाळ. त्याची टोकं हातोडीच्या आकाराची असतात म्हणून ते नाव. मैत्रिणीने एक फांदी दिली होती, बायकोने तीन वर्षांत तिच्या अकरा केल्या. गेल्या खेपेला तिच्या माघारी मी दोन कुंड्या वाळवल्या होत्या आणि तिसरी, त्या दोघींची भरपाई म्हणून, कुजवली होती. त्यामुळे या वेळी तिने परत आल्यावर टाकीकडे बघून ‘छान ठेवलंत’ म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ती इतकी मनापासून होती की मला स्वतःचीच थोडी काळजी वाटत होती.

रविवारी सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसलो, तर हातोडी मलूल. एरवी डोलणारी टोकं मान खाली घालून उभी. उजवा पंप जेमतेम फिरत होता.

आता, मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागाचा कारकून आहे. एकोणीस वर्षं ‘पाणी कमी दाबाने येते’ अशा अर्जांवर शिक्के मारतोय. यातला एकही दाब मी आजवर वाढवलेला नाही. अर्ज पुढच्या टेबलावर गेला की माझं काम संपतं. पण रोगाचं निदान मात्र मी झोपेतही करू शकतो, आणि घरात पुढचं टेबल नसल्यामुळे उपायही मलाच करावा लागणार होता. पंप बोटभर वळवून पाहिला. काही फरक पडला नाही. मी माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

“पाणी खेळतंय ना?” त्याने विचारलं.

“खेळतंय, पण मन लावून नाही.”

“पंपाचं तोंड कुठे आहे?”

“पुढेच असणार की.”

“असं करा, वहिनींना विचारा.”

“त्यांना विचारायचं असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता? तुमच्याकडे जास्त दाबाचा पंप आहे का?”

“आहे. पण तो सहा फुटी टाकीसाठी आहे.”

“मग तर फारच छान,” मी म्हणालो. तीन फुटांच्या टाकीला सहा फुटांचा दाब मिळाला तर तक्रारीला जागाच उरत नाही, हा हिशोब मला अगदी बिनतोड वाटला.

पंप घेऊन घरी आलो तर दारात सासरे उभे. ते कालव्यांचे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेत आणि मला लग्नापासून पाण्यात पाहतात. “सहज आलो,” ते म्हणाले. सहज येणारा माणूस बूट काढायच्या आधी टाकीपाशी जात नाही. बायकोला कुठेतरी पाणी मुरणार याचा आधीच अंदाज आला होता.

“जावईबापू, हातात काय आहे?”

“पंप. दाब कमी पडतोय.”

“दाब?” त्यांनी हा शब्द असा उच्चारला की मी काही वाईट बोललोय असं वाटलं. “पाणी ढकलायचं नसतं. वळवायचं असतं. मी तीस वर्षं वळवलंय.”

“आणि शेवटच्या शेतापर्यंत पोचलं नाही की ते लोक आमच्याकडे अर्ज करायचे.”

यावर ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तडजोड अशी झाली की दाब माझा आणि वळण त्यांचं. जुने दोन्ही पंप राहू द्यायचे, तिसरा मी आत बसवायचा आणि कुठे वळवायचा ते त्यांनी स्टुलावर बसून सांगायचं. (कागदावर ‘पंपांना’ असं लिहिलं होतं. नवा पंप त्यात धरायचा की नाही यावर आम्ही थोडी चर्चा केली आणि धरायचा नाही असं एकमताने ठरवलं. लग्नानंतरचं आमचं ते पहिलं एकमत.)

मी पंप काचेला लावला, हात आतच ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. तळाची सगळी वाळू उठली. टाकीचं अर्ध्या मिनिटात ताक झालं. मासे दिसेनासे झाले, हातोडी दिसेनाशी झाली, फक्त माझं मनगट दिसत होतं.

“तोंड वर करा,” सासरे ओरडले.

मी छताकडे पाहिलं.

“वर काय बघताय? तोंड वर करा म्हणतोय.”

“अजून किती वर करू?” माझी मान मोडायची बाकी होती.

“तुमचं नाही हो, पंपाचं.”

हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. मी घाईघाईने पंपाचं तोंड वर केलं, जरा जास्तच वर केलं. समुद्र टाकीतून उठला, सासऱ्यांच्या चष्म्यावरून गेला, सोफ्याला भेटला आणि भिंतीकडच्या एक्स्टेन्शन बोर्डवर जाऊन थांबला. फट् असा आवाज झाला. घरातली वीज गेली. पंखा थांबला आणि तिन्ही पंप थांबले.

“घ्या,” चष्मा पुसत सासरे म्हणाले. “आता कुठलाच दाब नाही.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाळू हळूहळू खाली बसत होती, आणि बसत होती ती हातोडीवर. पाणी हललं नाही तर त्यातली हवा संपते आणि आतले सगळे गुदमरतात, हे बायकोने आम्हा दोघांनाही अनेकदा सांगितलं होतं. इलेक्ट्रिशियनला फोन केला. “ओल्या बोर्डाला हात लावू नका, दोन तासांत येतो,” तो म्हणाला. तीन वर्षांच्या अकरा फांद्या, आणि मी त्या एका सकाळीत घालवणार होतो. मला खरंच रडू येत होतं.

सासऱ्यांनी शर्ट काढला, बनियनवर आले आणि स्वयंपाकघरातून दोन मोठे मग घेऊन आले. “कालव्याला पाळी असते,” ते म्हणाले. “दहा मिनिटं तुमची, दहा मिनिटं माझी. थांबायचं नाही.”

आणि आम्ही पाणी खेळवलं. मग भरायचा, उंचावरून ओतायचा, पुन्हा भरायचा. टाकीच्या एका बाजूला एकोणीस वर्षांचा पाणीपुरवठा, दुसऱ्या बाजूला तीस वर्षांचे पाटबंधारे, आणि दोन्ही खाती मिळून मासिक सभेसारखी धापा टाकत होती. खांदे भरून आले तरी सासरे एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्या वेळी मला ते पहिल्यांदाच आवडले.

तेवढ्यात बायकोचा व्हिडिओ कॉल आला. टाळला असता तर तिने शेजाऱ्यांना पाठवलं असतं, म्हणून घेतला. तिला बनियनवरचे वडील दिसले, त्यांच्या हातातला मग दिसला, मागे ताकासारखी टाकी दिसली.

“बाबा, हे किती वेळ चाललंय?”

“तास झाला.”

“बरं. चालू ठेवा. पण डावीकडून ओता, हातोडीवर थेट नको.” मग माझ्याकडे वळून, “अहो, तुम्ही पंपाला हात का लावलात?”

मी सगळं सांगितलं. उजवा पंप मंद होता, दाब कमी होता, हातोडी मलूल होती.

“रोज सकाळी सहा तास उजवा पंप मंद चालतो,” ती म्हणाली. “मीच तसा लावलाय. समुद्रात पाणी एकाच बाजूने, एकाच जोराने येत नाही. त्याला ओहोटी म्हणतात. हातोडी तेवढ्यात विसावा घेते. तुम्ही ओहोटीची तक्रार केलीत.”

एकोणीस वर्षांत असा अर्ज माझ्याकडे आला नव्हता. आला असता तर मी त्यावरही शिक्का मारला असता, हेही तितकंच खरं.

इलेक्ट्रिशियन पावणेतीन तासांनी आला. हातातले मग खाली ठेवले तेव्हा आमची बोटं वळत नव्हती. गुरुवारी बायको आली, पिचकारीने फांदीफांदीवरची वाळू उडवली, माझा पंप काढून खोक्यात भरला आणि जुने पंप जागेवर आणले. दुपारपर्यंत दहा फांद्या फुलल्या. अकरावी चार दिवस मिटून होती. ते चार दिवस मी घरात मोठ्याने बोललो नाही. सोमवारी तीही उघडली, तेव्हा आम्ही दोघं टाकीसमोर उभे होतो आणि बायकोच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटलं, आता ती काहीतरी चांगलं बोलणार.

“पुढच्या महिन्यात मला परत परीक्षेला जायचंय,” ती म्हणाली. “या वेळी मी सोय केलीय.”

“टाकी कोणाकडे देणार?”

“टाकी कशाला हलवायची? ती इथेच राहील, मैत्रीण येऊन बघेल. तुम्ही बाबांकडे राहायला जा.”

“बाबांना विचारलंस?” मी जरा दुखावल्या सुरात म्हणालो. आम्ही शेजारी उभं राहून समुद्र हलवला होता. माणूस अशा वेळी जवळ येतो, असं मला वाटत होतं.

“विचारलं. खुशाल येऊ दे म्हणाले. तुम्हाला वरच्या मजल्यावरची खोली देणार आहेत. तिथं पाणीच चढत नाही.”