उशी खाली

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी सासूबाईंच्या हातून लोकरीचा गुंडा सुटला आणि पलंगावरून पायांच्या दिशेने घरंगळत गेला.

एवढंच घडलं. पण समोरच्या पडद्यावर अंतराळ मोहिमेच्या निवड समितीचे पाच जण बसले होते, आणि गुंडा खरं तर डोक्याच्या दिशेने जायला हवा होता!

डोळ्यांच्या डॉक्टर असलेल्या सूनबाईंचं संशोधन सांगायला सोपं होतं. अंतराळात अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, डोळा मागून चपटा होतो, नजर बिघडते. जमिनीवर तेच घडवायचं तर माणसाला डोकं खाली, पाय वर असं झोपवायचं, आणि डोळ्यांवर डॉक्टरांनी बनवलेला गॉगल चढवायचा. नजर टिकली, तर गॉगल पुढच्या यानातून जाणार! तीन दिवस असं पडून राहायला अख्ख्या गावात एकच व्यक्ती तयार झाली. सासूबाई.

"डोळ्यांत तसूभर फरक नाही!" डॉक्टर नुकत्याच समितीला सांगून बसल्या होत्या. "आणि पक्षपात नको म्हणून मी तीन दिवस या खोलीत पाऊलही टाकलं नाही. डोळ्यांचे फोटो शेजारच्या खोलीत बसून तपासले!"

"मग गुंडा तिकडे का गेला?" अध्यक्षांनी विचारलं.

डॉक्टर खाली वाकल्या. लाकडी ठोकळे पलंगाच्या पायथ्याखाली नव्हतेच. उशाखाली होते.

"मावशी!"

वॉर्डातल्या मावशी धावत आल्या. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "तुमचंच अक्षर ना, मॅडम? 'पलंगाला ठोकळे लावा. उशीखाली ठेवा.'"

"उशी, खाली! उशीची बाजू खाली! मध्ये जागा सोडलीय मी!"

"कुठाय जागा? मुंगी शिरायची नाही यात."

डॉक्टरांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. मग हात लांब करून धरली. जागा काही दिसेना.

"तरी म्हटलं," सासूबाई गॉगल कपाळावर सरकवत उठून बसल्या, "अंतराळात एवढा आराम कसा! तीन दिवस नुसती पायांकडे घसरतेय."

"आई, मग बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालीस ना, काही झालं तरी तक्रार करायची नाही? तू घरात आल्यापासून पहिल्यांदा तुझं ऐकलं, तर हे!"

पडद्यावरच्या एका सदस्याने फायलीमागे तोंड लपवलं.

"थोडक्यात, गॉगलबद्दल काहीच कळलं नाही," अध्यक्ष म्हणाले.

"कळलं की!" सासूबाई म्हणाल्या. "कान दुखतात."

समितीने आठ दिवसांची मुदत दिली. प्रयोग पुन्हा करा, आणि कोण झोपणार त्याचं नाव आज सहापर्यंत कळवा.

दुपारी डॉक्टरांनी नवी चिठ्ठी छापूनच आणली. ठळक, मोठ्या अक्षरांत: 'डोकं खाली, पाय वर.'

मावशींनी ती दोनदा वाचली. "आता कळलं, मॅडम. पण कोणाचं?"

लोकर गुंडाळता गुंडाळता सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं.

साडेसहापर्यंत समितीकडे कोणाचंच नाव गेलेलं नव्हतं.