आईसाहेबांच्या पालखीचा कळक

श्रीबेटजाई प्रसन्न. जिच्या कृपेने वेळूस पेर आणि राज्यास धीर, तिला नमन करोन लिहितो. शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्यय नाम संवत्सरी, एका राज्यात राजमातोश्री दर्याबाईसाहेब बहुत प्रतापी, परंतु गुडघ्यांनी अधू, आणि त्यांची एकुलती लेक जानकाबाई घाटापलीकडे दिली होती, ती गरोदर होती, आणि आईसाहेबांचा सारा जीव तिकडे. घाट चढावा तर पालखी पाहिजे, आणि पालखीचा जुना दांडा भुंग्याने पोखरला. नवा दांडा काही रानातून तोडून आणिला ऐसे होत नाही. कळकाचा, म्हणजे थोर वेळूचा, जाडजूड कोंब वर येताच दोरांनी ओढून कमानीसारखा वाकवावा आणि पक्का होईतो बांधून ठेवावा, तेव्हा आत बसणाराच्या डोक्यास जागा होते. ऐसा एक कळक वेळूच्या बेटाचा रखवालदार लखमोजी याने लेकरासारखा जपला, आणि तो दसऱ्यास तोडावयाचा ठरला.

मग भाद्रपदात जासूद आला की नातू जाहला. राजघरी पुत्र जाहला म्हणजे बांधलेले ते मोकळे करावे, ऐसा शिरस्ता. आणि कोतवाल निंबाजी म्हणजे उंटावरचा शहाणा. त्याने बंदिवान सोडिले, राघू सोडिले, गुरे सोडिली ती मळा फस्त करोन गेली, आणि मग बेटात शिरोन कळकाचेही दोर कापिले. कळक सणकन उभा राहिला आणि दोर धरिलेल्या कोतवालास उचलोन तळ्यात टाकिता जाहला. लखमोजी डोके धरून बसला.

"नवा कोंब पक्का होण्यास तीन पावसाळे, आईसाहेब," तो बोलिला.

"तोवर मी राहिले पाहिजे ना रे," आईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. मग त्यांनी त्या सरळसोट कळकाकडे बघितले आणि पुसिले, "खेड्यातली आजारी माणसे घाट कशी चढतात?"

"सरळ बांबूस घोंगडी बांधून, तीत निजवून नेतात."

"मग हाच तोड."

कारभारी म्हणाले, ती आजाऱ्याची डोली, आबरू जाईल. आईसाहेब बोलिल्या, "आबरू तुम्ही घरी सांभाळा, मी जाऊन येते." आणि घोंगडीत निजोन, सुपारी चघळीत, भोयांची थट्टा करीत त्या घाट चढल्या.

पलीकडे पहारेकऱ्यांनी डोली पाहिली आणि वर्दी दिली की आईसाहेबांचे काही खरे नाही. जानकाबाई ओली बाळंतीण, ती तान्हे उराशी धरून रडतच वेशीवर आली. तोच घोंगडीतून तोंड काढून आईसाहेब म्हणाल्या, "रडतेस काय जानके, मी धडधाकट आहे. पोर इकडे दे." पोर मांडीवर घेतले, त्याने लागलीच शालू भिजविला, आणि मायलेकी हसता हसता पुन्हा रडल्या.

ऐसे वर्तमान. कारभाऱ्यांनी कोतवालास दंड मागितला, आईसाहेबांनी शेला पाठविला. कारण पालखी सिद्ध असती तर मुहूर्त, मानकरी आणि वाजंत्री यांचा घोळ घालीत याच कारभाऱ्यांनी त्यांस दिवाळी सरेतो दारातच बसवून ठेविले असते.