चार ओळींचा आमरस

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या शांतीलाल शेठना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर घरात बसावं लागलं. ते सगळ्यांच्या डोक्यावर बसू नयेत म्हणून त्यांच्या मुलीनं, रिंकूनं, टॅबवर एक खेळ लावून दिला. खेळात एक हमाल होता. एका खिडकीतून आकड्यांची खोकी यायची, ती त्यानं दुसऱ्या खिडकीत पोचवायची. पण गड्याला कळायच्या पाचच गोष्टी: उचल, ठेव, बेरीज कर, शून्य आहे का बघ, अमक्या ओळीवर परत जा.

"कॉम्प्युटरच्या पोटात खरंच एवढंच चालतं, पप्पा," रिंकू म्हणाली.

शेठ हरखले. चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात नोकरांशी हुज्जत घातलेल्या माणसाला उलट न बोलणारा गडी पहिल्यांदाच मिळाला होता. तीस कोडी सोडवल्यावर ते बायकोला म्हणाले, "जतन, घरात गोंधळ होतो तो माणसांमुळे नाही. ओळी नीट लिहिलेल्या नसतात म्हणून होतो."

"रविवारी मंचरचे पाहुणे येतायत रिंकूला बघायला," जतनबाई म्हणाल्या. "तेव्हा तरी गप्प बसा."

शेठ गप्प बसले, पण लिहीत बसले. रविवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकाला येणाऱ्या सोनीबाईच्या हातात कागद ठेवला.

एक: वाटीत आमरस वाढा. दोन: पाहुणे नको म्हणतील, लक्ष देऊ नका. तीन: वाटी रिकामी झाली का बघत राहा. चार: झाली की परत एकवर जा.

"स्वतःचं डोकं चालवायचं नाही," शेठनी बजावलं. "मी मधेच काही बोललो तरी कागदच खरा."

"आमाला काय, लिवलंय तसं करू," सोनीबाई म्हणाली.

दुपारी मंचरचे घेवरचंद शेठ मुलाला, जिनेशला घेऊन जेवायला आले. घेवरचंद जुन्या वळणाचे जैन. उष्टं टाकणं पाप, म्हणून वाटी पाण्यानं विसळून ते पाणीही प्यायचे. वाटी लख्ख झाली की सोनीबाई पातेलं घेऊन हजर. तिसऱ्या वाटीपर्यंत शेठ कौतुकानं बघत होते. पाचव्या वाटीला घेवरचंदांनी पट्टा सैल केला. सहाव्या वेळी त्यांनी वाटीवर हात आडवा धरला, तर सोनीबाईनं बोटांच्या फटीतून नेमकी धार सोडली.

"सोनीबाई, पुरे आता," शेठ कुजबुजले.

"शेठ, कागदात पुरे कुटंच न्हाई."

"अगं, मी सांगतोय ना."

"तुमी मधी बोलाल, ते ऐकायचं न्हाई, असं तुमीच सांगून ठिवलंय."

घेवरचंदांना घाम फुटला. टाकता येत नव्हतं आणि संपवलं की भरत होतं. जतनबाई आत पुऱ्या तळण्यात गुंतलेल्या. गुडघ्यामुळे शेठना उठून पातेलंही हिसकावता येईना. पोरीची सोयरीक आमरसात बुडताना त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती.

तेवढ्यात जिनेश म्हणाला, "मावशी, तो कागद बघू जरा."

त्यानं वाचला. खिशातलं पेन काढलं आणि तीन आणि चारच्या मधे एक ओळ घातली: वाटी पालथी असेल तर थांबा. मग वडिलांची नुकतीच विसळलेली वाटी उचलून ताटात पालथी घातली.

सोनीबाईनं कागद वाचला, वाटीकडे पाहिलं आणि पातेलं घेऊन मुकाट्यानं आत गेली. दाराआड उभ्या असलेल्या रिंकूला हसू आवरेना. इतका वेळ बाहेर यायला कुरकुरणारी पोरगी आपणहून पुढे आली आणि जिनेशसमोर बसली.

आठवड्यानं मंचरहून होकाराचा फोन आला. बोलला जिनेशच. घेवरचंद शेठचा निरोप एवढाच होता की साखरपुडा आंब्याचा हंगाम उलटून गेल्यावर ठेवावा.