हुकाचा टाय घालणार नाही

"हुकाचा टाय मी घालणार नाही," सर्जनसाहेबांनी जाहीर केलं आणि बायकोनं आणलेला तयार बो टाय बुटांच्या कपाटावर भिरकावला.

ऑपरेशन थिएटरला लागून असलेली ती कपडे बदलायची खोली. खाली हॉलमध्ये त्यांच्याच निरोपाचं जेवण मांडलं जात होतं. हा निरोप साहेबांनी मागितला नव्हता. हॉस्पिटलच्या कमिटीत कुणीतरी म्हणालं होतं, की साहेबांचा हात हल्ली थरथरतो. आणि सुपरिंटेंडेंटनी ते इतक्या हळुवारपणे त्यांच्या कानावर घातलं, की भांडायलाही जागा उरली नाही. त्यामुळे आमंत्रणावर 'बो टाय आवश्यक' असं वाचताच साहेबांनी ठरवलं: टाय बांधायचा तो हातानं, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मिरवायचा, आणि मग बघू कोण कोणाला निरोप देतं.

"अहो, लांबून कुणाला कळतंय हुक आहे ते?" बायको म्हणाली. तीही इथलीच, भूल देणारी डॉक्टर. नवऱ्याच्या टेबलाच्या उशाशी बसण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

"मला कळतंय."

आरशापुढे मात्र साहेबांचं काही चालेना. ज्या हातांनी आजवर लोकांच्या पोटात न बघता गाठी मारल्या, ते स्वतःच्या गळ्याशी येऊन आंधळी कोशिंबीर खेळू लागले. टायचं फूल एकदा कानाकडे वळलं, एकदा हनुवटीखाली ताठ उभं राहिलं.

तेवढ्यात पुतण्या बोलवायला आला. हाही याच हॉस्पिटलात सर्जन, नवा. गळ्यात हुकाचा टाय.

"काका, चला ना. सगळे खोळंबलेत."

"तुझ्या गळ्यातलं ते खेळणं काढ. बस इथं."

"मी?"

"आरसा उलटं दाखवतो. माझा पेशंट कायम समोर असतो. एकदा समोरून बांधला, की हाताला समजेल."

पुतण्या बसला. काकांनी आपला टाय त्याच्या कॉलरभोवती टाकला. काकांचे हात फिरले, आणि बघता बघता त्याच्या गळ्यात असं देखणं फूल बसलं, की काकूसुद्धा "वा" म्हणाली.

"समजलं. सोड आता, मी घालतो."

पुतण्यानं टोक ओढलं. फूल सुटलं. फुलाखालची गाठ सुटेना. त्यानं घाबरून दुसरं टोक ओढलं, तशी ती आणखी आवळली.

"किती फास टाकलेत?" बायकोनं विचारलं.

"तीन."

"टायला?"

"हाताला टाक्यांची सवय आहे. दोनवर थांबलो तर मला रात्री झोप लागत नाही."

पुतण्याचा चेहरा वांग्याच्या रंगाकडे झुकू लागला. बायकोनं नखांनी खटपट केली, साहेबांनी चिमट्यानं. टाय डोक्यावरून काढायला गेले, तर तो गळ्यावरून हलेचना. कात्री आणली, पण जिथं बोट शिरत नव्हतं तिथं कात्रीचं टोक कुठून शिरणार? साहेबांनी हात धुतले आणि पातळ ब्लेड उचललं.

"काका, नको. दुसऱ्या कुणाला तरी..."

"का रे?"

नेमके त्याच वेळी सुपरिंटेंडेंट दार ढकलून आत आले. खुर्चीतला तरुण सर्जन, त्याच्या गळ्याशी ब्लेड, ब्लेडमागे ज्यांना आज निरोप द्यायचा ते सत्कारमूर्ती. सुपरिंटेंडेंट जागीच थबकले.

"सर, तुम्ही कापू नका," ते हलकेच म्हणाले. मग पुतण्याकडे वळले. "डॉक्टर, कमिटीत तुम्हीच सांगितलं होतंत ना, यांचा हात..."

साहेबांनी पुतण्याकडे पाहिलं.

"असं होय," ते म्हणाले. "मग आता जवळूनच बघून सांग. थरथरतोय का? हो म्हणालास तर ब्लेड खाली ठेवतो. नीट विचार कर. श्वास पुरेल तोवर."

"नाही काका." पुतण्याचा आवाज कसाबसा फुटला. "तेव्हा मी... लांबून पाहिलं होतं."

"याला भूल देऊ का?" काकूनं विचारलं.

"नको. जागा राहू दे. आणि हलू नकोस रे, थरथरतोयस तू."

ब्लेड टाय आणि कॉलर यांच्या मधून शिरलं. रेशमाचे दोन तुकडे पुतण्याच्या मांडीवर पडले. कॉलरवर ओरखडासुद्धा नव्हता. पुतण्या हपापल्यासारखा श्वास घेत राहिला.

सुपरिंटेंडेंटनी खिशातले कागद चाचपले. "सर, माझं भाषण तयार आहे. निरोपाचं. त्याचं काय करू?"

"वाचा की, मला ऐकायला आवडेल. पण उद्या सकाळची आतड्याची केस माझी आहे. आणि हा मला मदतीला उभा राहील. जवळ."

पुतण्यानं मान हलवली. सुपरिंटेंडेंटनीही हलवली.

साहेब उघड्या गळ्यानं जिन्याकडे निघाले. ते दोघे पुढे गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "ब्लेड चालवताना तुम्ही श्वास रोखून धरला होता."

"नेहमीच धरतो," साहेब म्हणाले. "तुझं लक्ष पेशंटच्या श्वासाकडे असतं."