बांधावरची शिकवणी

कायद्याची शिकवणी लावायची तर वकिलाकडेच जायला हवं, एवढा सरळ विचार करून मारुतराव येळवंडे मुलीला घेऊन खेडच्या कोर्टात गेले, आणि तिथपासूनच सगळं बिनसत गेलं.

इंदू इंटर पास झाली होती आणि पुण्याच्या एका कायद्याच्या कॉलेजात तिला जायचं होतं. इतकी वर्षं इंटरचा दाखला दाखवला की तिथे नाव लागत असे. नेमकी यंदापासून प्रवेशासाठी परीक्षा ठेवली होती. एक हकिगत द्यायची आणि तिच्या दोन्ही बाजू मांडायला लावायच्या, असं तिचं स्वरूप होतं म्हणे. त्यांच्या निघोजे गावात असली परीक्षा कुणी ऐकलीसुद्धा नव्हती. शिकवणारा हवा होता, आणि वैशाख तोंडावर आला होता; परीक्षा पाऊस सुरू व्हायच्या आत होती.

मुलीने वकील व्हावं, याचं मारुतराव एकच कारण सांगत, ते म्हणजे आंबा. त्यांच्या आणि भैरू येळवंडेच्या शेतांमधल्या बांधावर तो उभा होता, आणि इंदू पाळण्यात होती तेव्हापासून त्याचा खटला चालू होता. भैरू भावकीतलाच. निकाल लागेपर्यंत फळाला कुणी हात लावायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. त्यामुळे दर वर्षी आंबे पिकत, पडत, कुजत, आणि दोन्ही घरं आपापल्या बाजूने ते बघत बसत. एकमेकांच्या घरचं पाणी पिणंही बंद होतं. तारखेला मात्र दोघे एकाच बैलगाडीतून चाकणपर्यंत जात आणि पुढे एकाच एस.टी.ने खेडला. एका तारखेला मारुतरावांची गाडी, पुढच्या तारखेला भैरूची. भांडण माणसांचं आहे, दोन्हीकडच्या बैलांना कशाला त्रास, यावर दोघांचं एकमत होतं.

"घरातच वकील पायजे," मारुतराव म्हणत. "बाहेरचा वकील आपला नसतो, तारखांचा असतो."

त्यांची विधवा बहीण मंजुळाबाई हे ऐकून घेई. इंदूची आई गेल्यापासून घर तीच बघत होती. "खटल्यापायी शिकतीया म्हणून मी गप हाय, दादा," ती म्हणे. "पर त्या परीक्षेत नाव न्हाई लागलं तर सांगवीचं स्थळ पक्कं. मंग कुनी माज्याम्होरं रडायचं न्हाई."

सांगवीच्या मुलाच्या विहिरीला बारमाही पाणी होतं आणि तोंडात एक शब्द नव्हता. मंजुळाबाईला दोन्ही गोष्टी सारख्याच पसंत होत्या.

खेडच्या वकीलसाहेबांनी इंदूला आपुलकीने बसवून घेतलं, चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "शिकवू की! पुढच्या सोमवारी या." सोमवारी साहेब बाहेरगावी होते. त्याच्या पुढच्या खेपेला पुस्तक सापडत नव्हतं. त्यानंतर दुसऱ्याच कुठल्या खटल्यातल्या समोरच्या पार्टीच्या वकिलांच्या घरी लग्न निघालं. समोरच्या पार्टीचा शिकवणीशी संबंध काय, हे मारुतरावांनी विचारलं नाही. असलं काही विचारायची सवय त्यांना उरलेली नव्हती. शेवटी एकदा कारकून बाहेर आला आणि म्हणाला, "शिकवणीला पुढची तारीख पडलीय."

मारुतराव सवयीने हात जोडून उठले. शिकवणीलाही तारीखच पडली, हे चाकणला उतरेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग कुणीतरी सांगितलं की पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात ज्योतीराम म्हणून एक कारकून आहे, बीडकडचा. त्याने कायद्याचं पहिलं वर्ष दोनदा केलंय.

"दोनदा केलंय म्हंजी पक्कं असंल," मारुतराव म्हणाले.

ज्योतीराम शिफ्ट संपवून नुकताच खोलीवर आला होता. भला माणूस. त्याने इंदूला चटईवर बसवलं आणि डोळे मिटून व्याख्या म्हणायला सुरुवात केली. पाचसहा व्याख्या झाल्यावर इंदूने भीत भीत विचारलं, "पण याचा अर्थ काय?"

ज्योतीरामने डोळे उघडले. "ताई, मी सांगायलो ते पाठ करा. अर्थाचं नंतर बघू."

"पण परीक्षेत अर्थच विचारतात."

"अहो, मला अर्थ लागला असता तर मी इथं शिफ्ट करत बसलो असतो का?"

बापलेक बसच्या थांब्यापर्यंत चालत गेले. इंदूने धूळ डोळ्यांत गेल्यासारखं केलं. धूळ होतीही, रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवे पाये खणणं चालू होतं. सगळं काही उभं राहत होतं, यांचं तेवढं बसत चाललं होतं.

पुढच्या तारखेला गाडी भैरूची होती. तो कासरा धरून भांडण निघायची वाट बघत राहिला, पण मारुतराव भांडेनात.

"राव, तोंड का असं उतारलंय? अजून निकाल तर लागला न्हाई."

मारुतरावांनी सगळं सांगितलं. भैरूचा वकील मागेच वारला होता, आणि तेव्हापासून तो स्वतःच उभा राहून आपली बाजू मांडत असे. कोर्टातल्या बाकांपेक्षा आपल्याला जास्त कायदा ठाऊक आहे, असं त्याचं मत होतं, आणि ते तो बाकावर बसलेल्या प्रत्येकाला सांगे.

"मी शिकवतो तिला," तो म्हणाला.

"तू? माज्या पोरीला? तुज्याच इरुद्ध उभी राहाय?"

"मंग? समोर धड मानूस नगं का? त्या तुज्या वकिलाशी भांडून भांडून माजी जीभ गंजली."

मारुतरावांपाशी दुसरा इलाज नव्हता. शिकवणी सुरू झाली. पाणी बंद असल्यामुळे भैरू त्यांच्या घरी येणार नव्हता आणि इंदू त्याच्या घरी जाणार नव्हती. म्हणून बांधावर आंब्याखाली बसायचं ठरलं. मास्तर आपल्या शेतात, विद्यार्थिनी आपल्या शेतात, दोघांचे तांबे वेगळे. मधूनच एखादा पिकलेला आंबा वहीवर आदळे. कोर्टाचा हुकूम मोडू नये म्हणून इंदू त्याला काडीने बाजूला सारी.

"आता ध्यान दे," भैरू म्हणाला. "आपली बाजू कुनीबी मांडतं. तू माजी मांड. मी तुज्या बापाची मांडतो."

"तुमची मांडू? आबांना काय वाटेल?"

"त्यास्नी काय वाटायचं ते निकालानंतर वाटंल."

इंदू आधी चाचरली. मग तिला गोडी लागली. झाडाचं वय, मुळांचा कल, भैरूच्या आजाची विहीर, सगळं जोडून तिने अशी बाजू मांडली की विहिरीवर मोट हाकणारे मारुतराव थांबून ऐकत राहिले. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

"मंजुळा," ते हळूच म्हणाले, "आंबा भैरूचाच हाय वाटतं."

तिकडे भैरूच्या घरी निराळीच तऱ्हा होती. त्याची बायको विमलबाई म्हणे, "दिसभर ओरडून ओरडून झाड त्यांचं म्हनून सांगताय, मंग भाकरीबी त्यांच्यातच मागा."

अशात एक दिवस, उन्हं कलल्यावर, कोर्टाने जागा बघायला नेमलेला तरुण वकील टेप घेऊन बांधावर आला. कितीतरी वर्षांपूर्वी दोघांनी तसा अर्ज केला होता आणि दोघेही तो विसरले होते. सावली आता मारुतरावांच्या बाजूला सरकली होती, त्यामुळे भैरू बांध ओलांडून त्यांच्या शेतात घोंगडी टाकून ऐसपैस बसला होता. वाद ऐन रंगात होता.

"हे झाड कुणाचं?" वकिलाने विचारलं.

"भैरूतात्यांचं," इंदू मान वर न करता म्हणाली. "त्यांच्या आजोबांनी लावलं."

"खोटं हाय, साहेब!" भैरू उसळला. "झाड मारुतरावाचंच. माजा आजा त्येला चूळसुदिक टाकत नव्हता."

"आपण कोण?"

"मी परतिवादी. भैरू येळवंडे."

"आणि या?"

"वादीची लेक."

वकिलाने दोघांकडे नीट पाहिलं आणि भराभरा लिहायला लागला. मारुतराव विहिरीकडून धोतर सावरत धावत आले. "साहेब, लिहू नगा! ती शिकवनी हाय! परीक्षेची!"

"का? परीक्षेत खरं सांगत नाहीत?" वकील म्हणाला आणि टेप गुंडाळली.

कोर्टाने तो कागद वाचला. वादीच्या घरचे म्हणतात झाड प्रतिवादीचं, प्रतिवादी म्हणतो वादीचं. मग भांडण कुठे आहे? बांधाचा दगड आहे तिथे राहील, फळं निम्मी निम्मी, तडजोड झाली. इतकी वर्षं जागचा न हललेला खटला एका सकाळीत मिटला. मारुतराव आणि भैरू परतीच्या गाडीत एकमेकांकडे पाठ करून बसले. पुढच्या तारखेला गाडी कुणाची, हे ठरवायचं कारण उरलं नव्हतं.

आंबे घरी आले. मंजुळाबाईने पहिली फोड तोंडात घातली आणि तिचा एक डोळा मिटला तो बराच वेळ उघडला नाही. इतका आंबट आंबा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. भैरू रीत म्हणून घरी आला, तांब्याभर पाणी प्यायला आणि औषध घेतल्यासारखं तोंड करून गेला.

"मिटला येकदाचा खटला," मंजुळाबाई म्हणाली. "आता वकील कशाला?"

आजवर मारुतरावांनी सगळ्यांना एकच कारण सांगितलं होतं. दुसरं काही मनात असेल तर ते तोंडाने बोलायची त्यांना सवय नव्हती. सांगवीची माणसं नेमकी परीक्षेच्या आदल्या दिवशी यायची ठरली. इंदू रडली नाही. पुस्तकं फडताळात ठेवून ती आंब्याखाली गेली. आता बांधाच्या कुठल्याही अंगाला बसता येत होतं, आणि कुठेच बसावंसं वाटत नव्हतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच मारुतरावांची आरोळी ऐकू आली.

"दगड सरकला! बांधाचा दगड सरकला!"

सगळे धावले. हद्दीचा दगड मारुतरावांच्या शेतात चांगला हातभर आत येऊन बसला होता. त्यांची तेवढी जमीन भैरूकडे गेली होती. भैरू तोंडात कडुनिंबाची काडी घेऊन पलीकडून आला.

"मिटलेल्या खटल्यावर दगड सरकवतोस?" मारुतराव गरजले. "लाज वाटत न्हाई?"

भैरूला काही कळेना. त्याने दगडाकडे पाहिलं. दगड ओढल्याची ताजी खूण पाहिली. मग त्याची नजर मारुतरावांच्या हातांवर गेली. नखं मातीने भरली होती आणि उजवा तळवा फोडाने लाल झाला होता. मारुतराव त्याच्याकडे न बघता विहिरीकडे बघत होते.

इंदूनेही खूण पाहिली होती. शिकवलेलं वाया गेलं नव्हतं. "पण आबा, पहार तर आपल्याच बाजूला—"

"गप!" भैरू ओरडला. त्याने काडी थुंकून टाकली आणि छाती पुढे काढली. "व्हय, म्याच सरकवला! आजून सरकवीन! काय करशील? जा, घाल दावा. आन वकील!"

"आनतोच!" मारुतराव म्हणाले. "मंजुळा, ऐकलंस? सांगवीच्यांना सांग, घरात खटला हाय. पोरीला परीक्षेला जायचंय. भाकरी बांध तिची."

मंजुळाबाईने दगडाकडे पाहिलं, भावाच्या हाताकडे पाहिलं. मग पदर खोचून ती भाकरी थापायला गेली.

"आन आजपासनं तुमचं पानी बंद!" भैरूने तिच्या पाठीवर ओरडून सांगितलं. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. इंदूच्या जवळून जाताना तो पुटपुटला, "वकिलानं कवा गप बसायचं, येवढाच धडा ऱ्हायला हुता."

इंदूचं नाव लागलं. पुढे ती खेडच्या कोर्टात उभी राहू लागली तेव्हा पहिलं काम तिला घरचंच मिळालं, त्या दगडाचं. तिने ते कधी चालवलं नाही. दर वेळी ती पुढची तारीख मागे, आणि समोरून भैरू म्हणे, "आपली काय हरकत न्हाई, साहेब." दोघे म्हातारे एका गाडीतून येत आणि जात. ती हातभर पट्टी कुणीच नांगरली नाही. तिच्यावर गवत वाढलं.

मग आबा गेले. दिवस झाल्यावर भैरू दुपारच्या उन्हात चालत आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"पोरी," तो म्हणाला, "तारीख कवाची हाय?"

"पुढच्या महिन्यातली, तात्या."

"गाडी माजी. मागल्या बारीला तुज्या बापाची झाली."

इंदूने मान हलवली. आत जाऊन तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे केला. भैरूने ओठांवरून जीभ फिरवली, पण हात पुढे केला नाही. खटला अजून चालू होता.