माझ्या नावाची सुनावणी

माझ्या फोनमधून गोळा झालेला माणूस गेल्या मंगळवारी एसटीने आमच्या गावी आला आणि त्याने माझ्या नावावर हक्क सांगितला. नाव धनंजय शिवराम गुरव. तोंडवळा माझाच होता, पण फक्त डावीकडून. फोटोत मी तसाच उभा राहतो.

त्यात नवल नव्हतं. फोनवर पुरेशी माहिती दिली की आमच्या तालुक्यात माणूस तयार होतो. चूक माझीच. मी पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो. मोटारीच्या आत उजेड पाडून बघायला बॅटरीचं एक ॲप घेतलं होतं. त्याने पत्ता मागितला, ओळखीच्यांचे नंबर मागितले, आवाज ऐकायची परवानगी मागितली. कुणी काही मागितलं तर माझ्याच्याने नाही म्हणवत नाही. मागच्या जन्मी तुम्ही कोण होतात, हे सांगणाऱ्या एका खेळाला आईचं माहेरचं नावही देऊन बसलो होतो. मी मागच्या जन्मी दिवाण होतो.

शुक्रवारी नगरपरिषदेच्या ओळख विभागात सुनावणी झाली. समोर शेवडेबाई कारकून, साक्षीला आई. नियम सरळ होता. हक्क सांगायला आलेल्याला ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट मी सांगितली तर नाव माझं, नाहीतर त्याचं. घर आईच्या नावावर होतं, पण माझं मोटारींचं दुकान नावाबरोबर जाणार होतं.

मी म्हणालो, वडील तारेचे वेढे कानडीत मोजायचे, मीही तसेच मोजतो. तो म्हणाला, बॅटरीच्या ॲपने ते रोज ऐकलेलं आहे. मग त्याने वीसपर्यंत मोजूनही दाखवलं.

मग मी शाळा का सोडली ते सांगितलं. आठवीत उभं राहून धडा वाचायचा होता, म्हणून मी परत गेलोच नाही. हे एकदा शाळेच्या ग्रुपवर लिहिलं होतं, पण न पाठवता खोडून टाकलं होतं. तो म्हणाला, खोडलं तरी लिहिलं होतंच. त्याने तो प्रसंग माझ्यापेक्षा बराच चांगला सांगितला.

"हा तुझ्यापेक्षा नीट बोलतो रे," आई म्हणाली.

शेवडेबाईंनी शेवटची संधी दिली.

एक गोष्ट उरली होती. वडील गेले त्या दुपारी दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावून काही सांगितलं होतं. आई तेव्हा औषधं आणायला गेली होती आणि माझा फोन चहाच्या टपरीवर चार्जिंगला लावलेला होता. ते सांगितलं असतं तर नाव माझं राहिलं असतं. पण तोही ते ऐकणार होता, आणि ऐकलेलं पुढे देणं हेच त्याचं काम. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

"आहे एक गोष्ट," मी म्हणालो. "पण सांगत नाही."

बाईंनी पेन थांबवलं. "असा रकाना नाही आमच्याकडे."

"रिकामा ठेवा."

त्यांनी त्याला विचारलं, याची काही कल्पना आहे का. तो म्हणाला, मला तसं कळवण्यात आलेलं नाही. पहिल्यांदाच तो अडखळला. बाईंनी नियम पुन्हा वाचला. नियमात सांगणं होतं, असणं नव्हतं. नाव, जन्मतारीख, फोन नंबर आणि दुकान त्याला गेलं. मला पोच मिळाली. तिच्यावर नावाच्या जागी आडवी रेघ आहे.

त्याला तार गुंडाळता येत नाही. दारातच त्याने मला सोमवारपासून कामाला यायला सांगितलं. मी त्यालाही नाही म्हणालो. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं.

जिना उतरताना आई दर पायरीला माझ्याकडे बघत होती. तिला काय विचारायचंय ते मला कळत होतं. त्या दुपारबद्दल तिने तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. खालच्या पायरीवर मी थांबलो आणि म्हणालो, तुला सांगतो, बाबा त्या दिवशी...

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "माझ्या फोनमधली गुरुवारच्या एसटीने येतेय."